तेल तेवढं चालू होतं

४०६ विरुद्ध १.

६ जानेवारी १९३७ ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एका ठरावावर झालेलं हे मतदान. सिनेटमध्ये तर ८१ विरुद्ध ०. ठराव साधा होता: स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू आहे, तेव्हा तिथल्या कोणत्याही बाजूला अमेरिकेतून शस्त्रं विकायची नाहीत. निवडून आलेल्या सरकारला नाहीत आणि त्याच्याविरुद्ध उठलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनाही नाहीत. दोघांना एकच नियम. वाचायला बरं वाटतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण पेटलं की एखादे समजूतदार काका येऊन "दोघंही गप्प बसा" म्हणतात ना, तसं.

विरोधातलं ते एकुलतं एक मत जॉन बर्नार्ड यांचं. जन्म कॉर्सिका बेटावरचा, पोरवयात अमेरिकेत आलेला, मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींत राबलेला माणूस. खासदारकीची शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता. अख्खं सभागृह एकीकडे आणि हा नवखा एकीकडे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इतिहास दहावीला सनावळ्या पाठ करून जो सोडला तो सोडलाच होता. हे मतदान मला रात्रीच्या ऑन-कॉल ड्यूटीत, सर्व्हर शांत असताना, काहीबाही वाचताना सापडलं. त्यानंतर ते डोक्यातून गेलंच नाही. कारण ते ४०६ लोक मला ओळखीचे वाटले. ते आमच्या ऑफिसात असतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतात, कॉलेजच्या ग्रुपवर असतात. "मी न्यूट्रल आहे" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांना आपण बाकीच्यांपेक्षा थोडे उंच उभे आहोत असं वाटतं. माझंही ते आवडतं वाक्य होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: ते ४०६ जण तटस्थ नव्हते. त्यांनी बाजू घेतली होती, फक्त त्या बाजूचं नाव ठरावात लिहावं लागलं नाही. हे कसं, ते समजून घ्यायला दोन महायुद्धांमधल्या अमेरिकेइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी त्यांची बाजू

त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. पुढे हिटलरने काय केलं हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. म्हणून आधी त्यांचं म्हणणं नीट मांडू.

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली आणि सुमारे १,१६,००० माणसं गमावून परतली. "सगळी युद्धं संपवणारं युद्ध" म्हणून ते विकलं गेलं होतं. नंतर काय झालं? विजेत्यांनी वसाहती वाटून घेतल्या, कर्जं थकवली. ज्या लीग ऑफ नेशन्ससाठी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जिवाचं रान केलं, तिच्यात जायलाच अमेरिकी सिनेटने १९१९ आणि १९२० मध्ये नकार दिला. युद्धावरून आलेले सैनिक महामंदीत भाकरीला महाग झाले. १९३२ साली कबूल केलेला बोनस लवकर द्या म्हणून ते वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले, तर त्यांच्याच लष्कराने अश्रुधूर सोडून त्यांच्या झोपड्या उठवल्या.

मग १९३४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय यांची समिती बसली. दारूगोळा बनवणाऱ्या ड्यू पाँटपासून कर्जं उभी करून देणाऱ्या मॉर्गन बँकेपर्यंत सगळ्यांना तिने साक्षीला बोलावलं. युद्धात कोणी किती नफा कमावला याचे आकडे रोज वर्तमानपत्रांत येऊ लागले. स्मेडली बटलर नावाच्या मरीन जनरलने, ज्याला देशातलं सर्वोच्च शौर्यपदक दोनदा मिळालं होतं, १९३५ मध्ये लिहून सांगितलं की युद्ध हा एक धंदा आहे आणि आपण आयुष्यभर त्या धंद्याचे रखवालदार होतो. १९३७ च्या गॅलप चाचणीत सुमारे ७० टक्के अमेरिकनांनी पहिल्या महायुद्धात पडणं ही चूक होती असं सांगितलं.

आपली पोरं पुन्हा कुणा बँकेच्या वसुलीसाठी मरू नयेत असं ज्या आईला वाटतं, तिला मी काय शिकवणार? शांततेची ती ओढ खरी होती. माझा राग तिच्यावर नाही. त्या ओढीचं कायद्यात रूपांतर होताना जे झालं, त्यावर आहे.

अलिप्त? कधी?

पहिली गोष्ट, "अलिप्ततावाद" हा शब्दच फसवा आहे. या वीस वर्षांत अमेरिका जगापासून अलिप्त कधीच नव्हती.

१९२४ च्या डॉज योजनेनंतर जर्मनीत अमेरिकी कर्जाचा ओघ सुरू झाला. त्या पैशावर जर्मनी ब्रिटन-फ्रान्सला नुकसानभरपाई देत होता आणि ब्रिटन-फ्रान्स अमेरिकेचं कर्ज फेडत होते. चक्र पूर्ण. न्यू यॉर्कचा शेअर बाजार १९२९ मध्ये कोसळला, कर्जाचा नळ बंद झाला आणि त्याची झळ बर्लिनमधल्या बेरोजगारांना लागली. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने आयात जकात वाढवून जगाच्या व्यापाराला आणखी एक तडाखा दिला. तिकडे हैतीमध्ये १९१५ पासून अमेरिकी फौजा बसल्या होत्या, त्या १९३४ ला हलल्या. निकाराग्वातून १९३३ ला.

म्हणजे पैसा जगभर होता, माल जगभर होता, शेजारच्या गरीब देशांत फौजाही होत्या. "आमचा संबंध नाही" हे वाक्य फक्त एका ठिकाणी लागू होतं: परिणामांची जबाबदारी घ्यायची वेळ आली की.

यादीत काय नव्हतं

पहिला तटस्थता कायदा ३१ ऑगस्ट १९३५ चा. युद्ध करणाऱ्या सगळ्या देशांना शस्त्रं, दारूगोळा आणि युद्धसाहित्य विकायला बंदी. रूझवेल्ट सरकारचं म्हणणं होतं की हल्ला कोणी केला हे पाहून बंदी कोणावर घालायची ते ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला द्या. काँग्रेसने तो दिला नाही. भीती ही, की राष्ट्राध्यक्ष कोणाला तरी आक्रमक ठरवेल आणि त्या वाटेने आपल्याला युद्धात ओढेल. बंदी घालायची तर दोघांवर.

माझ्या भाषेत सांगायचं तर या प्रोग्रॅमच्या कंडिशनमधून एक व्हेरिएबल मुद्दाम काढून टाकला होता: हल्ला कोणी केला?

महिन्याभरातच टेस्ट केस आली. ३ ऑक्टोबर १९३५ ला मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला. दोन दिवसांत अमेरिकेने कायदा लागू केला. आता बघा. इटली स्वतःची विमानं, रणगाडे, तोफा स्वतः बनवत होती. तिला अमेरिकी बंदुकांची गरज नव्हती. इथिओपियाकडे शस्त्रांचे कारखानेच नव्हते. सगळं बाहेरून आणायचं. दोघांवर सारखी बंदी घातल्यावर कोणाचं काय गेलं?

इटलीला बाहेरून हवं होतं ते तेल. आणि तेल बंदीच्या यादीत नव्हतं. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी व्यापाऱ्यांना आवाहन केलं की बाबांनो, नेहमीपेक्षा जास्त विकू नका. त्याला "नैतिक बंदी" म्हणत. इटलीला जाणारं अमेरिकी तेल नेहमीपेक्षा वाढलं. तिकडे लीग ऑफ नेशन्समध्येही तेलबंदीची चर्चा झाली आणि तीही बारगळली. तिथे दिलेल्या कारणांपैकी एक असं होतं की आम्ही बंद केलं तरी अमेरिका विकेलच. अमेरिकेत म्हणत, लीगच बंद करत नाही तर आम्ही का करावं? दोन न्यूट्रल एकमेकांच्या आडोशाला उभे.

त्या तेलावर चालणाऱ्या विमानांतून इथिओपियावर मस्टर्ड गॅस टाकला गेला. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं. तेल तोडलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितल्याची नोंद आहे. बढाईखोर माणूस होता, त्याचं म्हणणं शब्दशः घेऊ नका. पण आपली नस कुठे आहे हे त्याला माहीत होतं, आणि ती नस यादीबाहेर ठेवली गेली होती.

स्पेन

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये निवडून आलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँको आणि त्याच्या साथीदारांनी बंड केलं. १९३५ चा कायदा दोन देशांमधल्या युद्धासाठी होता, देशांतर्गत युद्धाबद्दल त्यात काही नव्हतं. म्हणजे स्पेनचं सरकार रीतसर पैसे मोजून अमेरिकेत शस्त्रं विकत घेऊ शकत होतं. मान्यताप्राप्त सरकारचा तो नेहमीचा हक्क. डिसेंबरमध्ये एका व्यापाऱ्याने तसा परवाना मागितल्यावर वॉशिंग्टनमध्ये धावपळ झाली, आणि ते भोक बुजवायला जानेवारीत तो ४०६ विरुद्ध १ वाला ठराव आला. कायदा लागू होण्याआधी 'मार कांताब्रिको' हे जहाज घाईघाईने विमानं आणि सुटे भाग भरून न्यू यॉर्कहून निघालं. मार्चमध्ये फ्रँकोच्या युद्धनौकेने ते वाटेत पकडलं. सरकारने पैसे मोजलेला माल बंडखोरांच्या हाती गेला.

एव्हाना हिटलर आणि मुसोलिनी फ्रँकोला विमानं, तोफा, माणसं सगळं पाठवत होते. ब्रिटन-फ्रान्सनेही "हस्तक्षेप नको" म्हणून हात वर केले होते. सरकारच्या मदतीला सोव्हिएत रशिया होता, पण त्याची किंमत वेगळी होती: सोनं, आणि त्याच्या मागून आलेली स्टालिनची माणसं. लोकशाही देश दार उघडत नाहीत म्हणून स्पेनचं सरकार हुकूमशहाच्या दारात गेलं. मग हेच देश म्हणू लागले, बघा, हे तर कम्युनिस्ट!

आणि तेल? टेक्साको कंपनीचा स्पेनच्या सरकारी तेल कंपनीशी करार होता. बंड झाल्यावर कंपनीचे प्रमुख टॉर्किल्ड रीबर यांनी आपले टँकर फ्रँकोकडे वळवले. तेही उधारीवर. कायद्याला उधारी मंजूर नव्हती, कंपनीला दंड झाला, पण तिच्या मानाने किरकोळ. टँकर जात राहिले. अमेरिकी ट्रकही हजारोंनी गेले, कारण ट्रक हे शस्त्र नाही. २६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गाव भाजून काढलं. दहा दिवसांपेक्षा कमी काळात, १ मेला, अमेरिकेचा तटस्थता कायदा कायमस्वरूपी झाला.

मला इथेच नेहमी अडवलं जातं. "मग काय, अमेरिकेने सैन्य पाठवायचं होतं? इराकमध्ये पाठवलं तेव्हा काय झालं?" २००३ चं इराक चुकीचं होतं, यावर आपलं भांडण नाही. पण स्पेनच्या सरकारने सैन्य मागितलं नव्हतं. फुकटही काही मागितलं नव्हतं. दुकान उघडं ठेवा, आम्ही रोख पैसे देतो, एवढंच म्हणणं होतं. दुकान त्यांच्यासाठी बंद झालं. पलीकडचा तेलाचा पंप मात्र समोरच्यासाठी चालू राहिला, आणि तोही उधारीने. याला हस्तक्षेप न करणं म्हणत असाल, तर शब्दांना काही अर्थ उरत नाही.

कायदा न लावण्याचंही तेच

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. दोघांनीही अधिकृत युद्ध पुकारलं नव्हतं. त्या फटीचा फायदा घेऊन रूझवेल्ट यांनी कायदा लावलाच नाही. हेतू चांगला होता: लावला असता तर शस्त्रांसाठी बाहेरच्यांवर अवलंबून असलेला चीन आधी मेला असता. पण न लावल्यामुळे सगळ्यांना विक्री खुली, आणि जपानकडे पैसा होता, जहाजंही होती. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होतं. भंगार लोखंडही जात होतं. १९३७ च्या डिसेंबरात नानकिंगमध्ये जे झालं ते वाचून झोप उडते. टँकर त्या महिन्यातही थांबले नाहीत.

कायदा लावला तर दुबळा मरतो, नाही लावला तर दांडगा माजतो. दोन्ही ब्रँचमध्ये एकच बग, कारण मूळ व्हेरिएबल काढून टाकलेला.

याच काळातली एक गोष्ट आपल्या घरची आहे. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. काँग्रेसने पाठवलेलं पथक. त्यातले दोघे महाराष्ट्रातले: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा अठ्ठावीसच्या आत होते, म्हणजे माझ्याच वयाचे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटामुळे आजी-आजोबांच्या पिढीला त्यांचं नाव पाठ होतं, आपल्याला रस्त्याचं किंवा चौकाचं नाव म्हणून. उत्तर चीनमध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन डॉक्टरचं नाव होतं. बेथ्यून चीनला येण्याआधी स्पेनमध्ये होते, जखमींना आघाडीवर जाऊन रक्त देण्याची गाडी चालवत. १९४२ च्या डिसेंबरात कोटणीस तिथेच वारले, बत्तिसाव्या वर्षी.

पाच डॉक्टरांनी युद्ध थांबत नाही. मी भाबडेपणा करत नाही. पण ज्या देशाला स्वतःचं सरकार नव्हतं, स्वतःचं परराष्ट्र धोरण नव्हतं, त्याला एक गोष्ट कळत होती: हल्ला कोणी केला आणि जखमी कोण. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या कायद्याला ती कळायला बंदी होती.

दार

बंद फक्त शस्त्रांचं दुकान नव्हतं. माणसांचं दारही होतं. १९१७ च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक भागातून येणारे, आपण भारतीय धरून, आधीच रोखले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस "गोरा" नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. एच-वन-बीच्या लॉटरीकडे डोळे लावून बसणाऱ्या माझ्या मित्रांना हे बहुधा माहीत नसतं. १९२४ च्या कायद्याने युरोपातल्या देशांचे कोटेही आणखी आवळले.

मग १९३९ आलं. जर्मनीतून पळणाऱ्या २०,००० मुलांना कोट्याबाहेर दोन वर्षांत घ्यावं, असं एक विधेयक आलं. मुलं, चौदा वर्षांखालची. ते मतदानापर्यंतही पोचलं नाही. त्याआधी गॅलपने लोकांना विचारलं होतं की अशी १०,००० मुलं घ्यावीत का. ६१ टक्के नाही म्हणाले. मे महिन्यात 'सेंट लुईस' जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून निघालं, बहुतेक सगळे ज्यू. क्युबाने अठ्ठावीस जण सोडून बाकीच्यांना उतरू दिलं नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे दिवे जहाजावरून दिसत होते. अमेरिकेनेही घेतलं नाही. जहाज युरोपला परतलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले. पुढे त्यांतले २५४ जण नाझींच्या वंशसंहारात मेले.

यातल्या कोणालाही अमेरिकेने मारलं नाही. हेच तर तटस्थतेचं आकर्षण आहे. हाताला रक्त लागत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप

माझ्या विरुद्ध एक दणकट मुद्दा आहे, तो मी टाळणार नाही. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल प्रत्यक्षात बंद झालं. चार महिन्यांत पर्ल हार्बर. म्हणजे अलिप्ततावादी म्हणत होते तसंच झालं की! बाजू घेतली आणि युद्ध अंगावर आलं.

या मुद्द्याने मला बरेच दिवस छळलं. शेवटी मला जे उत्तर मिळालं ते असं: जी गोष्ट बंद केल्यावर समोरचा युद्धाला उठतो, ती चालू असताना तटस्थ कशी होती? नळ बंद करणं ही बाजू घेणं असेल, तर चार वर्षं नळ उघडा ठेवणं हीसुद्धा बाजू घेणंच होतं. फरक एवढाच की त्या चार वर्षांची किंमत चिनी माणसं भरत होती, म्हणून ती अमेरिकेच्या हिशोबात दिसत नव्हती. तेल १९३७ मध्ये तोडलं असतं तर काय झालं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण "आम्ही काहीच करत नव्हतो" हे खोटं आहे, एवढं नक्की सांगतो.

दुसरा मुद्दा: हे सगळे लोक वाईट होते का? १९४० मध्ये 'अमेरिका फर्स्ट' समिती निघाली ती येल विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने. हुशार, सभ्य, आपल्याच वयाची मुलं. त्यांच्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्डही होते. सभासद आठ लाखांच्या घरात गेले. पण अशा चळवळीचा माइक शेवटी कोणाच्या हाती जातो ते पाहा. ११ सप्टेंबर १९४१ ला डे मॉइन शहरातल्या सभेत विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांनी सांगितलं की देशाला युद्धात ढकलणारे तीन गट आहेत: ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार. बाजू घ्यायची नाही म्हणून जमलेल्या गर्दीला, ज्यांच्यावर अत्याचार होतोय तेच भांडणाचं मूळ आहेत, असं सांगितलं जात होतं. "दोघांचंही चुकतं" पासून "ती गप्प का बसत नाही" पर्यंतचा रस्ता फार लांब नसतो.

माझं मत

हे सगळं मला इतकं का झोंबतं, ते सांगितल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमचं एक रिलीज फसलं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज नको, टेस्टिंग अर्धवट आहे, असं टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने चॅटवर लिहिलं होतं. मॅनेजरने रेटलं. सिस्टिम चार तास बंद पडली. सोमवारच्या मीटिंगमध्ये खापर तिच्यावर फुटलं, कारण शेवटचा कोड तिचा होता. मला विचारण्यात आलं. तिचा तो मेसेज मी वाचलेला होता. मी म्हणालो, "मला वाटतं, कम्युनिकेशन दोन्ही बाजूंनी सुधारायला हवं."

मीटिंगनंतर मॅनेजर म्हणाला, तू मॅच्युअर आहेस. तिचं रेटिंग घसरलं. तीन महिन्यांत तिने पेपर टाकले. फेअरवेल गिफ्टच्या वर्गणीत मी पाचशे रुपये दिले.

कुठे गेर्निका आणि कुठे आमची मीटिंग, हे मला कळतं. पण वाक्याची बांधणी तीच होती. दोघांना सारखं. एकाच्या हातात अप्रेझल होतं आणि एकीच्या हातात फक्त एक मेसेज, जो मी उचलून टेबलावर ठेवू शकलो असतो. ते व्हेरिएबल मी काढून टाकलं. आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

म्हणून आता कोणी "मी न्यूट्रल" म्हणालं की मी वाद घालत नाही. एक प्रश्न विचारतो: तू काय बंद केलंयस आणि काय चालू ठेवलंयस? प्रत्येक तटस्थतेची अशी एक यादी असते. त्या यादीत काय नाही, ते पाहा. जे यादीत नाही ते ज्याच्या कामाचं आहे, तो तुमचा पक्ष.

प्रत्येक भांडणात उडी घ्या असं मी म्हणत नाही. काही भांडणांत खरंच दोन्ही बाजू सारख्या असतात, काहींत आपल्याला पुरेशी माहिती नसते. तेव्हा "मला माहीत नाही" म्हणावं. ते प्रामाणिक वाक्य आहे. पण ज्याला माहीत आहे, त्याने "न्यूट्रल" या शब्दामागे लपू नये.

४ जानेवारी १९३९ ला रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोर कबूल केलं की आपले तटस्थता कायदे असमान चालू शकतात, आक्रमकाला मदत आणि बळी पडणाऱ्याला नकार असा त्यांचा परिणाम होऊ शकतो. २६ जानेवारीला बार्सिलोना पडलं. त्याच सुमारास मंत्रिमंडळात ते म्हणाले की स्पेनवरची बंदी ही गंभीर चूक होती. १ एप्रिलला युद्ध संपलं, फ्रँको पुढची छत्तीस वर्षं सत्तेवर राहिला. शस्त्रबंदी उठली नोव्हेंबरमध्ये, पोलंड बुडाल्यावर. रूझवेल्ट यांना १९३९ मध्ये जे उमगलं ते खाणीतून आलेल्या बर्नार्ड यांना दोन वर्षं आधी दिसलं होतं. १९३८ ची निवडणूक बर्नार्ड हरले. बाजू घेणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हे मी लपवणार नाही. ती किंमत टाळता येते, पण मग ती दुसरं कोणीतरी भरतं.

त्या मुलीचा नंबर माझ्याकडे अजून आहे. हा लेख प्रसिद्ध होण्याआधी मी तिला फोन करणार आहे. दोन वर्षं उशीर झालाय, आणि ती उचलेलच असं नाही.